खांद्याला शिवण नसलेला कोट

माणूस रोज संध्याकाळी एकाच बाकावर जाऊन बसला, की किस्से त्याच्याकडे आपसूक येतात, शोधावे लागत नाहीत. शिंप्याच्या टेबलाखाली चिंध्या साठतात तसे ते साठत राहतात, आणि एक दिवस वाकून बघावं तर गुडघाभर ढीग! माझा ढीग मालवणातल्या जनू मेस्ताच्या दुकानातला. आणि तोही कसला, तर ओव्हरकोटांचा. ज्या गावात डिसेंबरातसुद्धा बनियन अंगाला चिकटतं, तिथले ओव्हरकोटांचे किस्से. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी घाटावरचा. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा पोस्टात क्लार्क म्हणून मालवणला बदली झाली. गाव मला पोस्टमास्तर म्हणायचं, आणि खरे पोस्टमास्तर त्यावरून माझ्यावर डाफरायचे. लग्न झालेलं नव्हतं. मेस्ताच्या दुकानामागे भाड्याची खोली होती, आणि खोलीत एक स्टोव्ह, एक कॉट आणि मी. साडेपाचला पोस्ट बंद झालं की त्या खोलीत जाऊन बसणं मला नको वाटायचं. म्हणून मी दुकानातल्या बाकावर बसायचो.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला पेद्रू. तीस वर्षं बोटींवर कुक होता, आता घरी होता, आणि त्याच्या घरीही दुसरं कुणी नव्हतं. मधे मशीनवर जनू मेस्त. मेस्त म्हणजे कारागीर. तिकडे सुताराला आणि शिंप्यालाही मेस्तच म्हणतात. पन्नाशीचा, सडसडीत, बोलायला कंजूष. लढाईच्या वर्षांत तो मुंबईत लष्करी कपडे शिवणाऱ्या एका दुकानात होता. तिथल्या म्हाताऱ्या पारशी कटरने त्याला कोट ओळखायला शिकवलं होतं.

आणि कोट तर गावात ढिगाने होते. घरटी एक माणूस बोटीवर. प्रत्येक जण कुठल्याशा थंड बंदरात जुन्या बाजारातून ओव्हरकोट घ्यायचा आणि सुट्टीवर येताना घेऊन यायचा. इथे तो घालणार कोण? कोट पेटीत जायचा. पावसाळा संपला की दसऱ्यानंतर सगळ्या वाडीत पेट्या उघडायच्या आणि कुंपणाच्या दगडी गडग्यांवर कोट उन्हात पडायचे. मग लोक एकेक कोट घेऊन मेस्ताकडे यायचे. "मेस्तानू, ह्यो कसलो कोट?"

मेस्त आधी खांदा बघायचा. मग कॉलर, मग मनगट, शेवटी पाठ. कॉलरला मखमल आणि बटणं पट्टीखाली लपलेली असली की चेस्टरफील्ड. जाड कापड, दोन रांगा बटणं, मागे अर्धा पट्टा, मनगट उलटलेलं, तर अल्स्टर. डोक्याला टोपी आणि बटणांच्या जागी लाकडाच्या खुंट्या असल्या की डफल. खांद्यावर पट्ट्या आणि चामड्याची बटणं म्हणजे ब्रिटिश वॉर्म, तो लष्करातल्या ऑफिसरांचा. हे मला आजही पाठ आहे, आणि आजवर त्याचा मला कणभरही उपयोग झालेला नाही.

एकदा पेद्रूने पैज लावली. मेस्ताचे डोळे पंच्याने बांधले आणि एकेक कोट हातात द्यायला लागला. चहा हरणाऱ्याने पाजायचा.

मेस्ताने बोटं फिरवली. "अल्स्टर." दुसरा दिला. "डफल, पण एक खुंटी मागसून लायलेली." तिसऱ्याला हात लावला न लावला तोच म्हणाला, "पी-कोट. खलाश्याचो. बटणार नांगर आसा." आठही कोट बरोबर आले. मग पेद्रूने मला डोळा मारला आणि कोपऱ्यातलं तांदळाचं रिकामं गोणपाट उचलून मेस्ताच्या हातात दिलं.

मेस्ताने गोणपाट दोन्ही बाजूंनी चाचपलं, नाकाला लावलं, आणि गंभीरपणे म्हणाला, "ह्यो पेद्रूच्या लग्नाचो कोट."

चहा पेद्रूने पाजला. साखर मात्र मेस्ताच्या कपात घातली नाही.

मेस्ताची ख्याती इतकी पसरली की लोक त्याला सोयरीक बघायलाही न्यायला लागले. दोडामार्गाकडचे एक काजूवाले गृहस्थ मुलीसाठी स्थळ बघायला मालवणात आले होते. मुलगा बोटीवर "ऑफिसर" आहे असं सांगितलेलं. आता बोटीवर जाऊन खात्री कोण करणार? पण मुलाच्या घरी पडवीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, खुंटीवर ओव्हरकोट टांगला होता. गृहस्थ मेस्ताला सोबत घेऊन गेले, आणि बाकावर एकटं बसून काय करायचं म्हणून मीही गेलो.

पोहे आले, मुलगा आला, नमस्कार झाले. मेस्त उठून कोटाजवळ गेला. खांद्याच्या पट्ट्या बघितल्या, बाही उलटी करून कोपराच्या चुण्या बघितल्या, मग मुलाच्या हाताकडे एकदा बघितलं आणि येऊन बसला. बाहेर पडल्यावर गृहस्थांनी रस्त्यातच विचारलं, "काय मेस्त? कोट ऑफिसराचो मा?"

"कोट ऑफिसराचोच," मेस्त म्हणाला. "पण तो ऑफिसर दुसरो. तेचो हात ह्या झिलापेक्षा वीतभर लांब होतो."

गृहस्थ रस्त्यातच उभे राहिले. आता हे मोडणार, असं मला वाटलं.

"मोडू नकात," मेस्त म्हणाला. "झिलान फाटलेलो खिसो सोताच्या हातान शिवल्यान हा, आणि बरो शिवल्यान हा. तुमचा चेडू सुखात ऱ्हवात."

लग्न झालं. वरातीत नवरा तो कोट घालूनच आला, वैशाखात! घामाने मुंडावळ्या गळून पडल्या म्हणतात. मी वरातीला नव्हतो.

एका रविवारी मी आणि मेस्त एसटीने वालावलला निघालो होतो, देवळात. मला देवाचं फारसं नाही, पण रविवारी पोस्ट बंद असतं आणि रविवार फार लांब असतो. अर्ध्या वाटेवर मेस्त एकदम उठला आणि त्याने घंटीची दोरी ओढली.

"काय झालं?" कंडक्टर ओरडला.

"वाईच थांबवा," मेस्त म्हणाला. "शेतात चेस्टरफील्ड उभो आसा."

खरंच होता. भात पोसवलेलं होतं आणि मधोमध बुजगावण्याच्या अंगावर काळा लांब ओव्हरकोट. मेस्त चपला हातात घेऊन बांधावरून तरातरा निघाला, मी मागे. एसटी आमच्यासाठी कशाला थांबते, ती गेली.

त्याने आधी बुजगावण्याचा खांदा चाचपला. मग त्याचा हात हळूच खाली आला. कॉलरवरची कुजलेली मखमल त्याला रस्त्यावरून दिसलीच असणार. मग खांदा कशाला बघायचा, हे मला तेव्हा कळलं नाही.

झोपडीतून एक म्हातारा बाहेर आला. कोट त्याच्या भावाचा. भाऊ बोटीवरून आला, दोन वर्षांनी वारला.

"पण भात तर आत्ता कुठे पोसवलंय," मी म्हणालो. "पाखरं एवढ्यात येतात का?"

"पाखरांका कित्या होयो?" म्हातारा म्हणाला. "मी एकटो असतंय. लांबसून बगलंय की वाटता, कोणतरी शेतात उभो आसा."

परतीची एसटी चारला होती. तोवर आम्ही तिघे बांधावर बसलो, म्हाताऱ्याने दिलेली पेज प्यायलो. मेस्ताने जाता जाता कोटाचं एक लोंबणारं बटण घट्ट करून दिलं. सुई-दोरा तो टोपीतच ठेवायचा.

बाजारामागच्या वाडीतल्या गंगावैनी दरवर्षी दसऱ्यानंतर नवऱ्याचा अल्स्टर घेऊन यायच्या. नवरा अकरा महिने समुद्रावर. कोट त्या पडवीत टांगून ठेवायच्या, म्हणजे दारातून जाणाऱ्याला वाटावं घरात पुरुषमाणूस आहे. मेस्ताने तो झटकायचा, कुठे कसर लागली असेल तर रफू करायचं, एवढंच काम.

एका वर्षी नवरा तीन महिन्यांच्या सुट्टीवर आला. गावात आनंद. पंधराएक दिवसांनी गंगावैनी दुकानावरून जाताना दिसल्या. पेद्रूने विचारलं, "काय गो वैनी? आता कोट पेटयेत घातलंस आसशीत?"

"घातलंय," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "तेची आठवण येता."

"कोणाची?"

"कोटाची. ह्यो माणूस सारको बोलता. कोट गप ऱ्हवान ऐकून तरी घेय."

आम्ही पोट धरून हसलो, आणि वैनीही हसल्या. तीन महिने संपले आणि नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टपाल टाकायला त्या वाडीत गेलो होतो. पोस्टमन आजारी होता. कोट परत खुंटीवर आला होता. त्याच्यासमोर पाटावर बसून वैनी नारळ खोवत होत्या आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या. मी टपाल पायरीवर ठेवलं आणि हाक न मारता निघून आलो.

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे. पण एका दुपारी मेस्त जेवायला गेला असताना, सुट्टीचा दिवस होता, दुकानात कुणी नाही असं बघून मी एक कोट अंगात घातला. ब्रिटिश वॉर्म. आतून कुणा अनोळखी माणसाच्या तंबाखूचा वास येत होता. कोट जड होता, आणि त्याचं वजन खांद्यांवर आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मालवणात आल्यापासून तीन वर्षांत माझ्या खांद्यावर कुणी हात ठेवलेला नाही. मी तो कोट लगेच काढला नाही.

पेद्रू कधी दारात येऊन उभा राहिला कळलंच नाही. मला वाटलं, आता हा वर्षभर चिडवणार. पण तो बाकावर बसला आणि म्हणाला, "मेस्तान एकच कोट सोता शिवल्यान. तुमका ठावक आसा?"

मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पेद्रूने सांगितलं ते असं.

मेस्ताला एकच मुलगा, वसंता. आई लहानपणीच गेलेली. एकोणिसाव्या वर्षी पोरगा बोटीवर निघाला. मेस्ताने जाड राखाडी कापड मिळवलं आणि पंधरा दिवस खपून त्याला ओव्हरकोट शिवला. रॅगलन. रॅगलनला खांद्यावर शिवण नसते; बाही सरळ गळ्यापर्यंत जाते. पेद्रूने विचारलं होतं, हाच प्रकार का? मेस्त म्हणाला होता, "तेचे खांदे आजून भरूचे आसत. शिवण घातलंय तर उद्या आवळात." खालच्या पट्टीतही चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं, उंची वाढली तर सोडायला. शिंगाची बटणं मालवणात मिळेनात, म्हणून करवंटी कापून, घासून, तेल लावून सहा बटणं केली होती.

मे महिना होता. दुकानापासून बंदराच्या धक्क्यापर्यंत सरळ रस्ता. मेस्ताचा नियम होता की कोट समोरून बघायचा नाही, चालत्या माणसाच्या पाठीवर बघायचा. तो पोराला म्हणाला, "घाल आणि चलान दाखय." पोराने त्या उन्हात कोट घातला, पेटी उचलली आणि तसाच धक्क्यापर्यंत चालत गेला. मेस्त दुकानाच्या पायरीवर उभा राहून पाठ बघत होता. कोट कसा पडतो तेच बघत राहिला. पोरगा होडीत चढला, होडी आगबोटीकडे गेली.

"हाक मारूची ऱ्हवली," एवढंच मेस्त नंतर पेद्रूला म्हणाला होता.

अडीच वर्षं पत्रं आली. मग बंद झाली. कंपनीकडून कळलं की एका बंदरात तो बोटीवर परत चढलाच नाही. मी मालवणला बदलून आलो त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

त्यानंतर मला बाकावर पूर्वीसारखं बसता येईना. मेस्त प्रत्येक कोटाचा आधी खांदा का बघतो, ते आता कळलं होतं. टपालाची थैली फोडली की मी आधी परदेशी तिकिटं चाळायचो. संध्याकाळी मी दुकानात शिरलो की मेस्त एकदाच मान वर करून माझ्या हातांकडे बघायचा आणि परत मशीन चालवायला लागायचा. एवढ्या वर्षांत त्याने मला "पत्र इला?" असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला 'नाही' म्हणता आलं असतं.

माझी बदलीची ऑर्डर आली त्या वर्षातली गोष्ट. मी आल्याला आठ वर्षं होत आली होती. मे महिना, दुपारचे चार. आरोंद्याचा बाबली नावाचा एक खलाशी दुकानात आला. मालवणात त्याची सासुरवाडी. नुकताच बोटीवरून उतरला होता. काखेत कोट होता, तो त्याने टेबलावर टाकला.

"मेस्तानू, ह्यो माका घोट्यापर्यंत येता. गुडघ्यापर्यंत कापून दिवा. आणि कसलो कोट, ताय सांगा."

मेस्ताने सवयीने खांद्यावर हात ठेवला. हात गळ्यापर्यंत सरकत गेला, मधे कुठे शिवण लागली नाही. मग तो हात तिथेच राहिला. मला बटणं दिसली. पाच करवंटीची, आणि एक शिंगाचं, दुसऱ्या कुणीतरी लावलेलं.

पेद्रूने माझ्याकडे बघितलं.

"खंय गावलो?" मेस्ताने विचारलं.

"लिव्हरपुलाक. गोदीच्या मागे जुनो बाजार भरता, थंय ढिगात होतो."

"इकलो कोणी?"

"ता कसा कळतला? ढीग होतो, मेस्तानू."

मेस्ताने कोटाची खालची पट्टी उलटी केली. दुमडलेलं कापड सोडलेलं होतं. जुन्या दुमडीची रेघ फिकट दिसत होती, आणि त्याच्याखाली कुणीतरी सुबक हाताने नवीन शिवण घातली होती. मेस्ताने रेघेपासून खाली बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार.

"चार बोटां वाढलो," तो म्हणाला.

बाबली हसला. "कोट वाढता काय, मेस्तानू?"

पेद्रू उठून बाहेर गेला आणि पायरीवर आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मेस्ताने कात्री घेतली नाही. कोट झटकला, दोन्ही हातांनी उघडून धरला आणि बाबलीला म्हणाला, "कापूचो काय ता मगे बघू. आधी आंगात घाल आणि चलान दाखय. कोट पाठीर बगूचो असता."

"ह्या उनात?"

"धक्क्यापर्यंत जा. थंयसून मागे फिर."

बाबली गरीब स्वभावाचा. त्याने कोट घातला आणि निघाला. मेस्त पायरीवर येऊन उभा राहिला, पेद्रूच्या शेजारी. मीही गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. राखाडी पाठ लहान होत होत धक्क्यापर्यंत गेली. तिथे थांबली, वळली, आणि आमच्याकडे यायला लागली.

मेस्त एक पायरी खाली उतरला. मग दुसरी.

बाबली घामाने निथळत दारात आला. "बरो पडता मा, मेस्तानू? झाला?"

मेस्ताने हात पुढे करून त्याच्या कोटाचं वरचं बटण नीट लावलं.

"आणि एकदा जावन ये," तो म्हणाला. "जाताना कसोय जा. येताना हळू ये."